पूर्ण भूतकाळाचा एक धडा

परदेशीं उच्च शिक्षणासाठीं जाऊं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांस इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेच्या तयारीसाठीं छापील कागदांचे जे गठ्ठे विकत मिळतात ते चाळण्याचा प्रसंग आम्हांस सहसा येत नाहीं. गेल्या महिन्यांत तो आला. आमच्या एका स्नेह्यांची कन्या अशी परीक्षा देणार असून, आपल्या गठ्ठ्यांतील एक धडा घेऊन ती आमच्याकडे आली. 'काका, येथें हॅड घालूं कीं नको?' एवढाच तिचा प्रश्न होता. आपली अडचण व्याकरणाची आहे असें ती म्हणाली; धडा वाचून झाल्यावर आमचें मत असें झालें कीं, अडचण व्याकरणाची थोडी आणि धड्याचीच फार. त्या धड्याचें परीक्षण आज येथें करावयाचें आहे. तीनचारशें शब्दांच्या एका निनांवी धड्यासाठीं मासिकाचीं इतकीं पानें खर्चीं घालणें कोणास अस्थानीं वाटेल. परंतु कादंबऱ्यांचें परीक्षण होतें, नाटकांचें होतें, आणि जीं वाक्यें हजारों मुलें घोकतात व पुन्हां पुन्हां लिहितात त्यांकडे मात्र कोणी टीकाकार ढुंकूनहि पाहत नाहीं, ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाहीं.

धडा इंग्रजींतील पूर्ण भूतकाळ शिकविण्यासाठीं रचलेला आहे, आणि त्यासाठीं गोष्ट निवडली आहे ती २००८ सालच्या अमेरिकेंतील आर्थिक अरिष्टाची. तिचा आरंभ १५ सप्टेंबर २००८ ह्या दिवशीं होतो. त्या दिवशीं लेहमन ब्रदर्स ह्या पेढीनें न्यूयॉर्क येथील न्यायालयांत दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. पुढें क्रियापदांच्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत. कंसांत धातु द्यावयाचा आणि विद्यार्थ्यानें त्याचें योग्य रूप भरावयाचें, ही नेहमींची रीत. पेढी १८५० सालीं 'स्थापन झाली होती', घरांच्या किंमती 'उतरल्या होत्या', बेसुमार धोका 'पत्करला गेला होता', आणि शेवटीं, हें अरिष्ट कोणासहि आधीं 'दिसलें नव्हतें'. धड्याच्या अखेरीस जर-तरच्या वाक्यांचा एक छोटा अभ्यास आहे.

गोष्टीची निवड उत्तम आहे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालांवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि चांगल्या शिकल्या. परंतु त्या पद्धतींत एक सुटें वाक्य मराठींतून इंग्रजींत न्यावयाचें आणि दुसरें इंग्रजींतून मराठींत आणावयाचें, हाच मुख्य व्यायाम असे. इतर काळांचें अशा सुट्या वाक्यांनीं भागतें. पूर्ण भूतकाळाचें भागत नाहीं. 'गाडी सुटली होती' एवढेंच इंग्रजींत म्हणून थांबलें तर ऐकणारा पुढच्या शब्दांची वाट पाहत राहतो. केव्हां सुटली होती? आम्ही स्टेशनावर पोंचलों तेव्हां. हान्स रायखेनबाख ह्या तत्त्वज्ञानें १९४७ सालीं आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत काळांची जी फोड करून दाखविली ती ह्या कामीं फार उपयोगी पडते. त्याच्या मतें क्रियापदाच्या काळास तीन क्षण लागतात: आपण बोलत आहों तो क्षण, गोष्ट घडली तो क्षण, आणि जेथें उभें राहून त्या गोष्टीकडे पाहावयाचें तो क्षण. साध्या भूतकाळांत यांपैकीं शेवटचे दोन एकाच ठिकाणीं येतात. पूर्ण भूतकाळांत तिन्ही वेगळे. आपण आज बोलतों, मनानें मागच्या एखाद्या दिवशीं जाऊन उभे राहतों, आणि तेथून आणखी मागें पाहतों.

आर्थिक अरिष्टाची गोष्ट ह्या काळास इतकी मानवते तिचें कारण उघड आहे. नदीस पूर येतो तेव्हां पाणी चढतांना दिसतें. बँक बुडाल्याची बातमी येते तेव्हां मात्र ती बुडून पुष्कळ दिवस झालेले असतात. अशी गोष्ट साध्या भूतकाळांत, 'मग अमुक झालें, मग तमुक झालें' अशी सांगूं गेलें तर तिचा प्राणच जातो. धडा रचणाराच्या हें ध्यानांत आलें, ह्याबद्दल त्याचें श्रेय त्यास दिलें पाहिजे.

मराठी मुलाची अडचण आणखी एक असते, आणि सर्व जगासाठीं छापलेल्या धड्यानें ती जाणावी अशी अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. आपल्या भाषेंतहि 'होतें' आहे, तें दिसतेंहि 'हॅड'सारखेंच, आणि म्हणूनच आपण फसतों. 'मी काल पुण्यास गेलों होतों' हें निर्दोष मराठी. त्याचें शब्दशः इंग्रजी करून 'आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे' म्हटलें कीं, इंग्रज श्रोता, बरें, मग काय झालें, म्हणून कान टवकारतो. कांहींच झालेलें नसतें. आपण नुसते जाऊन आलेले असतों. इंग्रजी 'हॅड' दुसरी घटना मागतें. मराठी 'होतों' दुसरी घटना मागत नाहीं. त्याला एवढेंच पुरतें कीं, झाल्या गोष्टीचा परिणाम आतां उरलेला नसावा, तिचा आजच्याशीं असलेला धागा तुटलेला असावा. भाऊ पुण्यास 'गेला आहे' म्हणजे तो अद्याप तेथें आहे. 'गेला होता' म्हणजे परत आला.

एवढ्याशा फरकांत काय काय मावूं शकतें तें आम्हीं आमच्याच आळींत पाहिलें आहे. मागें एका सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांस ठराविक रकमेपलीकडे पैसे काढतां येईनात. आमच्या शेजारचे एक निवृत्त शिक्षक रोज सकाळीं शाखेच्या दारापर्यंत जाऊन येत. पहिल्या आठवड्यांत ते सांगत, 'माझे चार पैसे तेथें ठेवले आहेत.' दोनेक महिन्यांनीं ते म्हणूं लागले, 'ठेवले होते.' रक्कम तीच, पासबुक तेंच. सहायक क्रियापद तेवढें बदललें, आणि तें बदललें त्या सुमारास त्यांचें शाखेकडे जाणेंहि थांबलें. हें 'होते' इंग्रजी 'हॅड'नें सांगतां येणार नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या कन्येस आम्हीं प्रथम हेंच समजावून दिलें, आणि मग धड्याकडे वळलों.

धड्याचा पहिला दोष किरकोळ आहे. जेथें क्रम दुसऱ्या कोणत्या तरी शब्दानें स्पष्ट झालेला असतो तेथें चांगला इंग्रजी लेखक 'हॅड' पुष्कळदां गाळतो. पेढी १८५० सालीं स्थापन झाली असें म्हणतांच ती २००८ च्या आधीं स्थापन झाली हें शाळकरी पोरासहि कळतें. तेथें 'हॅड' नसलें तरी चालतें. आमच्या धड्यांत मात्र लग्नाच्या पंक्तींतल्या मिठासारखें तें प्रत्येक पानावर वाढलेलें आहे. अलाबामा संस्थानांतील माँटगोमेरी गांवीं कापसाच्या व्यापारापासून वर आलेल्या त्या पेढीचा इतिहास मनोरंजक आहे, पण काळ शिकविण्याच्या कामीं तो निरुपयोगी आहे.

दुसरा दोष मोठा. सारी गोष्ट १५ सप्टेंबरच्या सकाळीं उभें राहून पाहिलेली आहे. तेथून मागें पाहिलें म्हणजे त्यापूर्वींचीं पांचसहा वर्षें एका ओळींत बसतात. डोंगरावरून गांव पाहावें तसें सर्व सपाट दिसतें, कोणाचें घर कोणतें तें ओळखूं येत नाहीं. पूर्ण भूतकाळाचा सगळा अर्थ उभें राहण्याच्या जागेवर अवलंबून आहे, आणि ती जागा निवडणें हें काम व्याकरणाचें नव्हे. तें सांगणाराचें आहे. ज्यांनीं हा घोळ केला त्यांस १५ सप्टेंबर ही जागा फार सोयीची. त्या दिवशीं सर्व कांहीं 'झालेलें होतें' आणि करणारा कोणीच डोळ्यांपुढें नव्हता. उभें राहण्याची जागा जरा बदलून पाहूं.

अमेरिकेंत २००५ सालीं घर घेणाऱ्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करा. त्यांची पत फारशी चांगली नाहीं. अशांस त्या वेळीं जें गृहकर्ज सर्रास दिलें जाई त्याची मुदत तीस वर्षांची असे. पहिलीं दोन वर्षें व्याजाचा दर कमी व ठराविक, पुढचीं अठ्ठावीस वर्षें बाजाराप्रमाणें बदलता. फेडरल रिझर्व्हनें, म्हणजे तेथील मध्यवर्ती बँकेनें, जून २००३ मध्यें आपला दर एक टक्क्यावर आणून ठेवला होता. जून २००४ पासून तो पाव पाव टक्क्यानें सतरा वेळां वाढवीत तिनें जून २००६ मध्यें सव्वापांच टक्क्यांवर नेला. तेव्हां २००७ सालीं त्या कुटुंबाच्या हातीं वाढलेल्या हप्त्याचें पत्र पडलें. त्या पत्राच्या दिवशीं, त्या स्वयंपाकघरांत उभें राहून मागें पाहा. कर्ज जुळवून देणाऱ्या दलालानें आपली दलाली केव्हांच खिशांत घातली होती. कर्ज देणाऱ्या कंपनीनें तें कर्ज दुसऱ्यास विकून टाकलें होतें. त्या दुसऱ्यानें अशीं हजारों कर्जें एकत्र बांधून त्यांचे थराथराचे रोखे पाडले होते. मानांकन करणाऱ्या संस्थांनीं वरच्या थरांस सर्वांत उत्तम असा शेरा दिला होता, आणि त्या शेऱ्याची फी रोखे काढणारांकडूनच घेतली होती. जर्मनींतल्या बँकांनीं ते रोखे उत्तम समजून विकत घेतले होते. घरांच्या किंमती २००६ सालीं शिखरास पोंचून उतरूं लागल्या होत्या, त्यामुळें नवें कर्ज काढून जुनें फेडण्याची जी वाट दलालानें दाखविली होती ती बंद झाली होती.

वाचकांनीं पाहिलेंच असेल कीं, ह्या वाक्यांतून 'होतें' काढून टाकलें तर गोष्टच उलगडत नाहीं. पत्र हातीं पडलें त्याच्या आधीं हें सर्व झालें होतें, आणि ज्यांनीं केलें ते आपला वांटा घेऊन बाजूस झाले होते, हाच तर त्या गोष्टीचा अर्थ. दुसरें असें कीं, प्रत्येक वाक्यास कर्ता आहे: दलाल, कंपनी, मानांकन-संस्था. आमच्या धड्यांत ह्या सगळ्याऐवजीं एक वाक्य आहे, आणि तें कर्मणि आहे: 'रिस्क्स हॅड बीन टेकन.' धोके पत्करले गेले होते. कोणीं पत्करले? कोणाच्या पैशांनीं पत्करले? पूर्ण भूतकाळानें काम मागें लोटलें आणि कर्मणि प्रयोगानें करणारास पडद्याआड नेलें. दोहोंची जोडी जमली म्हणजे अपराध हा पावसासारखा आपोआप पडणारा पदार्थ होतो. सरकारी आणि कंपन्यांच्या अहवालांतील इंग्रजीस ही जोडी फार प्रिय आहे, हें ज्यांस असले अहवाल वाचण्याचें दुर्भाग्य लाभलें आहे त्यांस सांगावयास नको. मुलांस ती नमुना म्हणून द्यावी काय, एवढाच आमचा प्रश्न.

आणखी एका जागीं उभे राहूं. ९ ऑगस्ट २००७ रोजीं पॅरिसच्या बीएनपी परिबा ह्या बँकेनें आपल्या तीन निधींतून पैसे काढूं देणें थांबविलें. त्यांतील अमेरिकन रोख्यांची किंमत काय धरावी हेंच ठरवितां येईना. पांच आठवड्यांनीं इंग्लंडांत नॉर्दर्न रॉक ह्या बँकेच्या दारांत रांगा लागल्या. १३ सप्टेंबरच्या रात्रीं बातमी पसरली कीं, त्या बँकेनें बँक ऑफ इंग्लंडकडे मदत मागितली आहे, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं म्हातारींकोतारीं माणसें पासबुकें घेऊन उभीं. ठेवीदारांची अशी झुंबड ब्रिटिश बँकेवर १८६६ सालीं ओव्हरेंड-गर्नीची पेढी बुडाली त्यानंतर उडालेली नव्हती. (त्या वेळीं आपल्या मुंबईंतील शेअरबाजीचा फुगा फुटून वर्ष झालें होतें, पण तो विषय वेगळा.) रांगेंतल्या लोकांपुरती बातमी पूर्ण वर्तमानकाळाची होती: मदत 'मागितली आहे'. त्यांस ठाऊक नसलेली गोष्ट पूर्ण भूतकाळाची होती. ती बँक आपला बहुतेक पैसा ठेवींतून नव्हे तर घाऊक बाजारांतून उभा करीत असे, आणि तो बाजार पांच आठवड्यांपूर्वींच आटला होता. म्हणजे ठेवीदार रांगेंत येण्यापूर्वीं दुसरे, मोठे सावकार निघून गेले होते. १७ सप्टेंबरला सरकारनें ठेवींची हमी दिली व रांगा ओसरल्या. ठेवीदारांचा पैसा बुडाला नाहीं. परंतु घाबरट म्हणून नांवें ठेवलीं गेलीं तीं रांगेंतल्यांस. आधीं निघून गेलेल्यांस कोणी कांहीं म्हटलें नाहीं, कारण ते छायाचित्रांत नव्हते.

आतां १५ सप्टेंबर २००८ ला येऊं. तोंपर्यंत न्यू सेंच्युरी ही अशा कर्जांची मोठी कंपनी एप्रिल २००७ मध्येंच दिवाळखोरींत गेली होती. मार्च २००८ मध्यें बेअर स्टर्न्स ही पेढी जे. पी. मॉर्गन चेस बँकेस विकावी लागली होती, शेअरास दोन डॉलर असा भाव प्रथम ठरून आणि मागून दहांवर जाऊन. फॅनी मे व फ्रेडी मॅक ह्या गृहकर्जांच्या दोन अवाढव्य संस्था आठवड्यापूर्वींच, ७ सप्टेंबरला, सरकारनें आपल्या ताब्यांत घेतल्या होत्या. लेहमनवर त्या दिवशीं ६१३ अब्ज डॉलरांचें देणें होतें, आणि तें अमेरिकेच्या इतिहासांतील सर्वांत मोठें दिवाळें ठरलें. आमच्या धड्यांतील पहिलें वाक्य म्हणतें कीं अरिष्टाचा प्रारंभ त्या दिवशीं झाला. वर दिलेल्या गोष्टी ज्यास ठाऊक आहेत त्यास तें वाक्य लिहवणार नाहीं. व्याकरणाच्या दृष्टीनें त्यांत एकहि चूक नाहीं, हें खरें.

आणि ह्या गोष्टीचा सर्वांत सुंदर पूर्ण भूतकाळ तर त्याच्याहि पुढें दीड वर्षानें सांपडतो. न्यायालयानें नेमलेले तपासनीस अँटन वालुकास यांनीं दोन हजारांहून अधिक पानांचा अहवाल तयार केला. तो मार्च २०१० मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत आढळून आलें कीं, तिमाहीचा ताळेबंद बंद होण्याच्या सुमारास लेहमननें आपले रोखे कांहीं दिवसांपुरते दुसऱ्यांच्या हवालीं केले होते. १०५ डॉलरांचे रोखे द्यावयाचे, १०० डॉलर रोख घ्यावयाचे, वस्तुतः तें कर्ज असतां त्यास विक्री म्हणावयाचें, आलेल्या रोकडींतून देणें तात्पुरतें कमी करून दाखवावयाचें, आणि ताळेबंद प्रसिद्धीसाठीं मिटला कीं सर्व परत फिरवावयाचें. मे २००८ अखेरच्या तिमाहींत अशा रीतीनें सुमारें ५० अब्ज डॉलर हिशेबाबाहेर ठेवण्यांत आले होते. गोष्ट २००८ च्या मे महिन्यांतली. जगास कळली २०१० च्या मार्चमध्यें. १५ सप्टेंबरला उभ्या राहिलेल्या माणसास ती दिसूंच शकत नव्हती. ज्या काळाचें सारें मर्म आधीं काय घडलें होतें आणि कळलें केव्हां ह्या अंतरांत आहे, तो शिकवितांना हें उदाहरण हातचें सोडणें म्हणजे पंढरपुरास जाऊन देवळाबाहेरूनच परतणें होय.

आतां त्या वाक्याकडे वळतों, ज्यासाठीं आम्हीं हें लिहावयास घेतलें. 'नोबडी हॅड फोरसीन द क्रायसिस.' अरिष्ट कोणासहि आधीं दिसलें नव्हतें. धड्यांत हें वाक्य रिकाम्या जागेचें नाहीं. तें पूर्ण छापलेलें आहे, ठळक अक्षरांत, नमुन्याचें वाक्य म्हणून. विद्यार्थ्यानें तें पाठ करावें आणि त्यासारखीं पांच वाक्यें रचावींत.

वाक्य खोटें आहे. रघुराम राजन हे २००५ सालीं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख अर्थशास्त्रज्ञ होते. त्या वर्षींच्या ऑगस्ट महिन्यांत वायोमिंगमधील जॅक्सन होल येथें मध्यवर्ती बँकवाल्यांची जी परिषद भरली, तींत त्यांनीं निबंध वाचून सांगितलें होतें कीं, ज्या नव्या साधनांनीं धोका वांटला जातो असें आपण समजतों त्यांनीं तो वाढलाहि असेल, आणि बँका एकमेकांवरचा विश्वास गमावून बसतील असा प्रसंग येऊं शकेल. ती परिषद फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष अॅलन ग्रीनस्पॅन यांच्या कारकीर्दीचा गौरव करण्यासाठीं होती, त्यामुळें हा अपशकुन तेथें कोणास रुचला नाहीं आणि राजन यांच्यावर तिखट टीका झाली. रॉबर्ट शिलर यांनीं आपल्या ग्रंथाच्या २००५ सालच्या आवृत्तींत घरांच्या फुगलेल्या किंमतींविषयीं स्वतंत्र प्रकरण घातलें होतें. कांहीं गुंतवणूकदारांनीं तर हीं कर्जें बुडणार अशी पैजच पैसे मोजून लावली होती, आणि ती ते जिंकले. दिसलें होतें, ऐकलें नव्हतें. इंग्लंडची राणी नोव्हेंबर २००८ मध्यें लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयांत गेली असतां, हें कोणाच्या ध्यानांत कसें आलें नाहीं, असें तिनें विचारलें. पुढें जुलै २००९ मध्यें ब्रिटिश अकादमीच्या वतीनें कांहीं विद्वानांनीं तिला पत्रानें उत्तर धाडलें. त्या पत्रांतसुद्धां पुष्कळांनीं धोका ओळखला होता हें मान्य केलेलें आहे. चुकलें तें सर्व मिळून चित्र पाहण्यांत, असा त्याचा आशय. म्हणजे राणीस जें कळविण्यांत आलें तें आमच्या परीक्षार्थी मुलीस मात्र कळूं द्यावयाचें नाहीं!

कोणी म्हणेल, व्याकरणाच्या उदाहरणावर एवढा गहजब कशाला? तेथें वाक्याची घडण पाहावयाची, अर्थ नव्हे. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. वर्तमानपत्रांतल्या विधानास वाचक निदान शंका तरी घेतो. व्याकरणाच्या उदाहरणास कोणी शंका घेत नाहीं, कारण त्याचें लक्ष 'हॅड'कडे असतें. आणि वाक्याचा अर्थ त्या गडबडींत गुपचूप आंत शिरून कायमचें बिऱ्हाड करतो. शिवाय हें वाक्य सुधारण्यास फारसे श्रमहि लागत नव्हते. 'मेनी हॅड वॉर्न्ड. फ्यू हॅड लिसन्ड.' पूर्ण भूतकाळ एकदां नव्हे, दोनदां येतो, क्रम साधतो, आणि वाक्य खरें होतें.

जर-तरच्या अभ्यासाविषयीं थोडें. घडलेल्या गोष्टीचें 'हॅड' आणि न घडलेल्या गोष्टीचें 'हॅड' इंग्रजींत दिसावयास एकच. 'लेहमन हॅड बॉरोड लेस' एवढाच तुकडा वाचला तर पेढीनें कर्ज कमी काढलें होतें असें वाटेल. त्यामागें 'इफ' जोडलें कीं कळतें, तसें कधीं झालेंच नाहीं. येथें मराठी मुलाचा फायदा आहे, आणि तो त्यास कोणी सांगत नाहीं. आपण 'घेतलें होतें' आणि 'घेतलें असतें' हीं दोन रूपें इतकीं वेगळीं ठेवतों कीं गोंधळ संभवतच नाहीं. 'असतें' दिसलें कीं 'इफ' आणि 'हॅड' यांची जोडी, 'होतें' दिसलें कीं जरा थांबून दुसरी घटना शोधावयाची, एवढें ध्यानांत ठेवलें तर अर्धें काम होतें. धड्यांतील वाक्य असें: पेढीनें कर्ज कमी काढलें असतें तर ती वांचली असती. २००७ अखेर तिच्या स्वतःच्या एका डॉलरामागें सुमारें तीस डॉलरांचा पसारा होता, तेव्हां विधान अगदींच निराधार नव्हे. परंतु अरिष्ट टळलें असतें काय, ह्याविषयीं अमेरिकेनें नेमलेल्या चौकशी-मंडळांतच एकमत झालें नाहीं. जानेवारी २०११ च्या अहवालांत दहांपैकीं सहा सभासदांनीं तें टाळतां आलें असतें असा निर्णय दिला, चौघांनीं वेगळीं मतें नोंदविलीं. दहा जाणत्या माणसांस दीड वर्ष चौकशी करून जें 'असतें' एकमुखानें म्हणतां आलें नाहीं तें धड्यानें एका रिकाम्या जागेंत भरून घेतलें आहे.

मुलीची परीक्षा पुढच्या महिन्यांत आहे. तिनें सर्व रिकाम्या जागा आमच्यासमोर भरल्या. पंधरांपैकीं चवदा उत्तरें छापील उत्तरांशीं जुळलीं, आणि पंधराव्यांत १८५० पुढें तिनें साधा भूतकाळ घातला होता, तो आम्हीं तसाच राहूं दिला. नमुन्याच्या ठळक वाक्यासारखीं पांच वाक्यें रचावयाचीं होतीं तीं तिनें रचलीं. मूळ वाक्याच्या समासांत मात्र तिनें शिसपेन्सिलीनें एक प्रश्नचिन्ह काढलें होतें. कागद परत देतांना तें पुसूं काय, असें तिनें विचारलें. नको, असें आम्हीं सांगितलें.